पेन सेंट्रल : १९६८ चं विलीनीकरण, त्याच्या आधी आणि नंतर

यार्डमास्तर

जुलै २०२५ मध्ये युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न या दोन अमेरिकन मालवाहू रेल्वे कंपन्यांनी विलीनीकरण जाहीर केलं, तेव्हापासून इथे गप्पांच्या धाग्यावर पेन सेंट्रलचं, म्हणजे १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या दोन रेल्वे मिळून झालेल्या कंपनीचं, नाव वारंवार निघतंय. दरवेळी दोन ओळींत विषय संपतो: मोठं विलीनीकरण झालं, आपापसात भांडले, दोन वर्षांत बुडाले. एवढ्यावर सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. न्यू जर्सीतून रोज न्यूयॉर्कला कामाला जाणारे आपले इतके मराठी लोक ज्या रुळांवरून जातात ते आज कुणाच्या मालकीचे आहेत आणि का, याचं उत्तर याच गोष्टीत आहे. म्हणून वेगळा धागा काढतोय. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी एक मुद्दा. अमेरिकेत रेल्वे म्हणजे खासगी कंपन्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची दोन-सव्वादोन वर्षं सोडली तर रूळ, पूल, स्टेशनं, इंजिनं सगळं कंपनीचं, आणि त्या जमिनीवर गावोगावचा मालमत्ता करही कंपनीनेच भरायचा. पण भाडं किती घ्यायचं आणि कुठला फाटा बंद करायचा हे कंपनीच्या हातात नव्हतं. त्यासाठी वॉशिंग्टनच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे जावं लागे. अर्ज, सुनावण्या, आक्षेप यांत वर्षं जात.

आता दोन घराणी. पेनसिल्व्हेनिया रेल्वे फिलाडेल्फियाची, स्थापना १८४६. स्वतःला 'जगातली प्रमाण रेल्वे' म्हणवून घ्यायची, आणि त्याला आधारही होता. शंभराहून जास्त वर्षं तिने सलग लाभांश दिला. हडसन नदीखालून बोगदे काढून १९१० मध्ये थेट मॅनहॅटनमध्ये गाडी आणली. १९३५ मध्ये न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन विजेवर, १९३८ मध्ये हॅरिसबर्गपर्यंत. त्या मार्गावरची जीजी-१ इंजिनं १३९ बांधली गेली आणि त्यातली काही १९८० च्या दशकापर्यंत धावत होती. रेमंड लोवी या रचनाकाराने सांगितलं की पत्रे रिव्हेटने न जोडता वेल्डिंग करा, म्हणून ते अंग इतकं गुळगुळीत दिसतं.

न्यूयॉर्क सेंट्रल व्हँडरबिल्ट घराण्याची. पेनसिल्व्हेनियाला शिकागोला जायला ॲलेगेनीचे डोंगर चढावे लागत. सेंट्रलची गाडी हडसनच्या काठाने ऑल्बनी, मग मोहॉक नदीच्या खोऱ्यातून बफेलो आणि पुढे सरोवरांच्या कडेकडेने जाई. चढ जवळजवळ नाहीच. न्यूयॉर्कमधलं ग्रँड सेंट्रल स्टेशन हिचं, १९१३ चं. दोघींच्या न्यूयॉर्क-शिकागो रात्रगाड्या, हिची ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड आणि तिची ब्रॉडवे लिमिटेड, पन्नास वर्षं एकमेकींशी चढाओढ करत होत्या.

या दोघींना एकत्र यावंसं का वाटलं? १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग बांधायला घेतले आणि ट्रकला सरकारी पैशाने रस्ता मिळाला. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला, मोठी जहाजं थेट सरोवरांत शिरू लागली. घरं गरम करायला कोळशाऐवजी तेल आणि गॅस आला. गिरण्या, कारखाने दक्षिणेकडे सरकले. त्यात ईशान्येतलं अंतर लहान, आणि इथेच खरी मेख आहे. मालगाडी धावत असते तेव्हा ती ट्रकपेक्षा स्वस्तच असते. खर्च होतो तो टोकांना: कारखान्याच्या सायडिंगमधून एक-एक वाघीण उचलायची, यार्डात आणायची, वेगळी काढायची, दुसऱ्या गाडीला जोडायची, परत वेगळी काढायची. दोन हजार मैलांच्या प्रवासात हा खर्च भरून निघतो. पश्चिमेच्या रेल्वेंना तेवढं अंतर मिळायचं, ईशान्येला नाही. त्याच्या जोडीला तोट्यातल्या लोकल गाड्या. १९६७ मध्ये टपाल खात्याने धावत्या गाडीतली टपाल वर्गवारी मोठ्या प्रमाणावर काढून घेतली आणि लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांचा शेवटचा आधार गेला.

विलीनीकरणाची बोलणी १९५७ च्या नोव्हेंबरात जाहीर झाली. मध्ये मोडली, पुन्हा जुळली. १९६२ मध्ये करार, १९६६ मध्ये आयोगाची मंजुरी, जानेवारी १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. १ फेब्रुवारी १९६८ ला पेन सेंट्रल जन्माला आली. म्हणजे दहा वर्षं हातात होती. एवढ्या काळात दोन्हीकडच्या कामाच्या पद्धती जुळवून ठेवता आल्या असत्या, पण मंजुरीच्या आशेवर सगळं पुढे ढकललं गेलं.

अध्यक्ष स्टुअर्ट साँडर्स, पेनसिल्व्हेनियाचे. पेशाने वकील, राजकारण्यांत उठबस. त्यांच्या हाताखाली आल्फ्रेड पर्लमन, सेंट्रलचे, हाडाचे रेल्वेवाले. पर्लमन यांनी १९५४ पासून सेंट्रलवर चार रुळांचे दोन केले, सिग्नल एका ठिकाणाहून चालवायची सोय केली, नवी यार्डं बांधली. लांबच्या प्रवासी गाड्या त्यांना नको होत्या, पण डिसेंबर १९६७ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी बंद करताना त्यांनी न्यूयॉर्क-ऑल्बनी-बफेलो अशी थोड्या अंतराची, ठरावीक वेळाने सुटणारी एम्पायर सर्व्हिस सुरू केली. ती आजही चालते. माझ्या मते त्या काळातला प्रवासी वाहतुकीबद्दलचा हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

विलीनीकरणानंतर काय झालं ते एका वाघिणीच्या नजरेने पाहा. तेव्हा प्रत्येक वाघिणीबरोबर तिचा कागद फिरायचा: माल काय, कुणाचा, कुठे, कुठल्या मार्गाने. यार्डातला कारकून तो बघून ठरवायचा की ही कुठल्या रुळावर टाकायची. पेनसिल्व्हेनियाच्या कारकुनाला पेनसिल्व्हेनियाची गावं पाठ होती, सेंट्रलची नव्हती. दोघांचे संगणक एकमेकांशी बोलत नव्हते. पहिल्या दिवसापासून मार्ग बदलले, काही यार्डांचा माल दुसरीकडे वळवला, आणि वाघिणी एकीकडे, कागद तिसरीकडे असं सुरू झालं. कागद नाही म्हणून वाघीण उभी. ती उभी म्हणून रूळ अडला, रूळ अडला म्हणून येणारी गाडी यार्डाबाहेर खोळंबली. कंपनी गिऱ्हाइकाला सांगू शकत नव्हती की तुमचा माल कुठे आहे. फळं-भाजीवाले, गाड्यांचे सुटे भाग पाठवणारे एकदा ट्रककडे गेले ते गेलेच.

लोक 'लाल गट, हिरवा गट' म्हणतात (पेनसिल्व्हेनियाचे लाल, सेंट्रलचे हिरवे) आणि भांडणावर बोट ठेवतात. भांडण होतंच. पण समजा सगळे सख्खे भाऊ असते तरी काय झालं असतं? दोन रेल्वे जवळजवळ एकाच मुलखात, एकाच गावांमध्ये, समांतर धावत होत्या. अशा जोडणीचा फायदा फक्त एकाच गोष्टीतून येतो: दोनपैकी एक मार्ग, दोनपैकी एक यार्ड, दोनपैकी एक कचेरी बंद करणं. ते करायला आयोगाची परवानगी लागणार. माणसं कमी करायची तर १९६४ मध्ये कामगार संघटनांशी केलेला करार आड येणार, कारण त्यात नोकरीची हमी दिलेली होती. वर मंजुरीच्या अटीत दिवाळखोर न्यू हेवन रेल्वे गळ्यात आली, १ जानेवारी १९६९ पासून. म्हणजे खर्च लगेच सुरू आणि बचतीला कायद्याने मज्जाव. हे गणित सुटणारंच नव्हतं.

२१ जून १९७०, रविवार. पेन सेंट्रलने फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दिला. अमेरिकेत तोवर एवढी मोठी कंपनी बुडाली नव्हती.

पुढचं प्रतिसादांत लिहितो.

एडिसनकर

मास्तर, फार छान. मी न्यू जर्सीतल्या मेट्रोपार्क स्टेशनहून रोज न्यूयॉर्कला जातो, त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यांसमोर आहे. आम्ही अजून पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्याच जिवावर प्रवास करतो म्हटलं तरी चालेल. नदीखालचे दोन बोगदे तेच, १९१० चे. २०१२ च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं, त्याचे परिणाम अजून निस्तरताहेत. हॅकेनसॅक नदीवरचा पोर्टल पूल तोही १९१० चा. होडी आली की मधला भाग फिरतो, आणि बंद होताना कधी रूळ नीट बसत नाहीत. मग माणसं घण घेऊन ते बसवतात आणि दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. आता शेजारी नवा पूल उभा राहिला आहे.

वर तारांत अजून २५ हर्ट्झची वीज आहे. घरात ६० हर्ट्झ, रुळांवर २५, कारण पेनसिल्व्हेनियाने जेव्हा तारा टाकल्या तेव्हाच्या मोटरींना तेच मानवायचं. वीज बदलून देणारी वेगळी केंद्रं त्यासाठी चालू ठेवावी लागतात.

प्रश्न: आमच्या मार्गावर रूळ ॲमट्रॅकचे (लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या चालवणारी सरकारी कंपनी) आणि मालगाडी क्वचित. बाकी देशात बरोबर उलटं, रूळ मालवाल्यांचे आणि ॲमट्रॅक पाहुणी. हे कसं झालं?

हिशेबनीस

पैशाची बाजू मी मांडतो, कारण व्यवसायाने मी ताळेबंद वाचणारा.

पेन सेंट्रलचा शेअर जुलै १९६८ मध्ये ८६ डॉलरच्या वर होता. रेल्वे तोट्यात होती, पण हिशेब असे मांडले जात की ते चटकन दिसू नये. जमीन-जुमला, पाइपलाइन, मनोरंजन उद्याने यांत पैसा घातलेला. त्यांचा नफा एकत्र दाखवून चित्र बरं दिसायचं, हातात रोकड मात्र येत नव्हती. तरीही लाभांश वाटत राहिले. कर्ज काढून लाभांश देणं म्हणजे काय हे इथे वेगळं सांगायला नको. वित्तप्रमुख डेव्हिड बेव्हन यांचं पर्लमनशी पटत नव्हतं, साँडर्सशीही बिनसलेलं. रूळ दुरुस्तीला पैसे मागणारा एक आणि रोकड कुठून आणू म्हणणारा दुसरा.

१९७० पर्यंत दिवसाला दहा लाख डॉलरच्या आसपास तोटा होत होता. जून ८ ला संचालक मंडळाने तिघांनाही दूर केलं. निक्सन सरकारने २० कोटी डॉलरच्या कर्जाला हमी द्यायची तयारी केली होती, पण काँग्रेसमधून, विशेषतः राइट पॅटमन यांच्याकडून विरोध झाला आणि सरकारने हात आखडते घेतले.

रेल्वेपलीकडचा परिणाम कमी लोकांना माहीत असतो. पेन सेंट्रलने बाजारात अल्पमुदतीच्या विनातारण हुंड्या विकल्या होत्या, ८ कोटी डॉलरच्या वर देणं बाकी होतं. त्या बुडाल्यावर इतर कंपन्यांच्या हुंड्याही कुणी घेईना. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, बँकांना कर्जाची खिडकी मोकळी केली आणि मोठ्या ठेवींवरची व्याजाची मर्यादा उठवली, तेव्हा घबराट थांबली. एक रेल्वे बुडाली आणि देशाच्या नाणेबाजाराला हादरा बसला.

यार्डमास्तर

हिशेबनीस, अनेक आभार. हे मला इतकं नेटकं मांडता आलं नसतं.

एडिसनकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे या धाग्याचा उत्तरार्धच.

दिवाळखोरीतही रेल्वे चालू ठेवावी लागते, कारखान्यासारखं कुलूप लावता येत नाही. त्यामुळे विश्वस्तांच्या हाताखाली पेन सेंट्रल आणखी सहा वर्षं रखडली. दुरुस्ती जवळपास बंद. कित्येक मार्गांवर ताशी दहा मैलांची मर्यादा आली. कुजलेल्या स्लीपरांवर उभ्या असलेल्या वाघिणी जागच्या जागी रुळांवरून घसरल्या, असं त्या काळच्या लोकांकडून वारंवार ऐकायला मिळतं. ८ मे १९७४ ला पकिप्सीचा हडसनवरचा पूल जळाला. न्यू इंग्लंडकडे मालगाडी नेण्याचा तो दक्षिणेकडचा मोठा रस्ता. पुलावरची आग विझवायची पाण्याची नळी कामात नव्हती. दुरुस्तीला पैसा नव्हता, गरजही वाटली नाही, कारण कंपनीकडे ऑल्बनीजवळ सेलकर्कचं नवं यार्ड होतं. परिणाम आजही आहे: हडसनच्या पूर्वेला, खुद्द न्यूयॉर्क शहरात रेल्वेने माल न्यायचा तर बहुतेक माल वर सेलकर्कपर्यंत नेऊन तिथे नदी ओलांडायची आणि परत खाली आणायचा. शहरात इतके ट्रक दिसतात त्याचं हे एक कारण.

औषध तुकड्यातुकड्याने आलं. पहिलं, १ मे १९७१ ला ॲमट्रॅक. सरकारने लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांचा भार कंपन्यांच्या डोक्यावरून उतरवला. त्या रात्री देशातल्या अर्ध्याअधिक प्रवासी गाड्या कायमच्या बंद झाल्या, हेही त्याच कायद्याचं फळ. दुसरं, १ एप्रिल १९७६ ला कॉनरेल. पेन सेंट्रल, इरी लॅकवॉना, लीहाय व्हॅली, रेडिंग, जर्सी सेंट्रल अशा बुडालेल्या रेल्वे एकत्र करून सरकारी पैशाने केलेली कंपनी. त्याच दिवशी वॉशिंग्टन-न्यूयॉर्क-बॉस्टन मार्गाचा बहुतेक भाग ॲमट्रॅकच्या मालकीचा झाला. तुमचं उत्तर हे. बाकी देशात मालवाहू कंपन्या जिवंत होत्या, त्यांनी रूळ सोडले नाहीत. ईशान्येत कंपनीच मेली होती, म्हणून रूळ सरकारकडे आले.

या मार्गाला किंमत आहे हे सिद्ध केलं होतं ते खुद्द पेन सेंट्रलने. १६ जानेवारी १९६९ ला, घरात वणवा पेटलेला असताना, तिने न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मेट्रोलायनर सुरू केली, तीन तासांच्या आत. सरकारच्या १९६५ च्या वेगवान रेल्वे कायद्याचा पाठिंबा होता. प्रवासी विमान सोडून गाडीकडे आले. चांगली गाडी वेळेवर दिली तर लोक बसतात, एवढं त्यातून कळलं.

तिसरं औषध १४ ऑक्टोबर १९८० चा स्टॅगर्स कायदा. भाडं ठरवायची आणि गिऱ्हाइकाशी थेट करार करायची मोकळीक मिळाली, मार्ग बंद करणं सोपं झालं. चौथं, १९८१ च्या कायद्याने लोकल गाड्या कॉनरेलकडून काढल्या. १ जानेवारी १९८३ पासून मेट्रो-नॉर्थ, न्यू जर्सी ट्रान्झिट आणि फिलाडेल्फियाची सेप्टा त्या चालवू लागल्या. स्टॅनली क्रेन १९८१ च्या सुरुवातीला कॉनरेलचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी पहिला नफा दिसला. १९८७ मध्ये सरकारने आपले शेअर बाजारात विकले.

म्हणजे १९६८ मध्ये जे नुसत्या विलीनीकरणाने साधायचं होतं ते साधलं चार गोष्टींनी: प्रवासी वेगळे, दर मोकळे, रुळांत सरकारचा पैसा, आणि नको ते मार्ग बंद. यातली एकही गोष्ट पेन सेंट्रलच्या हातात नव्हती.

भुसावळची

वाचून वडिलांची आठवण झाली. ते भुसावळच्या यार्डात होते. वाघिणीवर खडूने लिहिलेलं, हातातला कागद, आणि "ही कुणाची, कुठे जायची" हा आरडाओरडा मी लहानपणी ऐकलाय. आपल्या रेल्वेनेही १९८० च्या दशकात सुट्या वाघिणी सोडून एकाच मालाच्या पूर्ण रेककडे मोर्चा वळवला आणि यार्डांचं महत्त्व उतरलं. खर्च यार्डात होतो हा तुमचा मुद्दा म्हणूनच लगेच पटला.

पण एक विचारते. छोट्या व्यापाऱ्याची एकच वाघीण असेल तर त्याने कुठे जायचं? आपल्याकडे तो ट्रककडे गेला. तिथेही तेच झालं का?

यार्डमास्तर

ताई, बऱ्याच अंशी तेच. कॉनरेलने सोडलेले कित्येक फाटे छोट्या स्थानिक रेल्वेंनी घेतले. दोन-चार इंजिनं, थोडी माणसं, दहा-वीस गिऱ्हाइकं. त्या अजून एक-एक वाघीण उचलतात आणि मोठ्या रेल्वेला नेऊन देतात. जिथे असं कुणी पुढे आलं नाही तिथे रूळ उखडले. मोठ्या कंपन्यांचं लक्ष आता कंटेनर आणि एकाच मालाच्या लांबच लांब गाड्यांवर आहे.

क्लीव्हलंडकर

मास्तरांचा लेख उत्तम, पण मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. कॉनरेलची गोष्ट यशाची म्हणून सांगितली जाते. ओहायोत राहून ती तशी दिसत नाही.

क्लीव्हलंड न्यूयॉर्क सेंट्रलच्या मुख्य मार्गावरचं मोठं शहर. ॲमट्रॅक आली तेव्हा न्यूयॉर्क-शिकागो सरोवरकाठची गाडी मूळ आराखड्यात नव्हतीच. राज्यांच्या भरवशावर काही महिने चालवली आणि जानेवारी १९७२ मध्ये बंद. १९७५ मध्ये लेक शोअर लिमिटेड आली तोपर्यंत एवढ्या शहराला एकही लांबची प्रवासी गाडी नव्हती. आजही ज्या आहेत त्या मध्यरात्री ते पहाट या वेळात येतात. कॉनरेल सुरू झाली तेव्हा लाखाच्या आसपास माणसं होती, वीस वर्षांनी साधारण त्याच्या पाव भागावर आली. यंगस्टाउन, अल्टूना अशा गावांत तो फरक घराघरात पोचला. सरकारने सात अब्ज डॉलर घातले आणि विक्रीतून त्याचा थोडाच भाग परत आला. मला हे मान्य आहे की दुसरा मार्ग दिसत नव्हता. पण गावांनी काय दिलं तेही या हिशेबात धरायला हवं.

आणि १९९९ चा उल्लेख राहिला. १९९६ मध्ये सीएसएक्स या दुसऱ्या मालवाहू रेल्वेने कॉनरेल घ्यायची बोली लावली, नॉरफोक सदर्नने वरची बोली लावली, शेवटी दोघांनी मिळून दहा अब्ज डॉलरच्या वर मोजून ती वाटून घेतली. १ जून १९९९ ला वाटणी झाली: ५८ टक्के नॉरफोक सदर्न, ४२ टक्के सीएसएक्स. ढोबळ मानाने पेनसिल्व्हेनियाचे मार्ग एकीकडे, न्यूयॉर्क सेंट्रलचे दुसरीकडे. हिशेबासाठी दोघांनी वाघिणींवर जुनी अक्षरं, पीआरआर आणि एनवायसी, पुन्हा वापरली. अपवाद आमच्याच दारात आहे: क्लीव्हलंडहून पश्चिमेला शिकागोपर्यंतचा सेंट्रलचा सपाट मार्ग नॉरफोक सदर्नला मिळाला. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पुन्हा यार्डं तुंबली, गाड्या अडकल्या. तीस वर्षांच्या अनुभवानंतर, चांगले संगणक हाती असूनही.

एडिसनकर

कॉनरेल नाव अजून दिसतं ना पण? आमच्याकडे मालाच्या यार्डांत पाहिलंय.

क्लीव्हलंडकर

बरोबर. उत्तर जर्सी, दक्षिण जर्सी-फिलाडेल्फिया आणि डेट्रॉइट हे तीन तुकडे वाटता येण्यासारखे नव्हते, तिथे दोघांनाही गिऱ्हाईक हवं होतं. तिथे कॉनरेल दोघांच्या वतीने वाघिणी गोळा करते आणि पोचवते.

यार्डमास्तर

क्लीव्हलंडकर, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. गावांची बाजू मीही मांडायला हवी असं वाटत होतंच, तुम्ही ती माझ्यापेक्षा जवळून मांडलीत.

आता ज्यावरून धागा निघाला ते. युनियन पॅसिफिक मिसिसिपीच्या पश्चिमेला, नॉरफोक सदर्न पूर्वेला. शिकागो, सेंट लुईस अशा शहरांत त्या एकमेकींना भेटतात, समांतर फारशा धावत नाहीत. म्हणून पेन सेंट्रलची तुलना सरळ लागू होत नाही. इथे बचत मार्ग बंद करून यायची नाही, शिकागोत वाघिणी एका कंपनीकडून दुसरीकडे सोपवताना जाणारा वेळ वाचून यायची आहे. तो फायदा खरा आहे.

मला भीती वेगळ्या ठिकाणी वाटते. १९९६ मध्ये युनियन पॅसिफिकने सदर्न पॅसिफिक घेतली आणि १९९७ मध्ये ह्यूस्टनच्या आसपास सगळं ठप्प झालं. महिनोन् महिने माल अडकला. १९९९ चं तर वर आलंच आहे. दर वेळी कागदावरचा नफा वेगळा आणि यार्डातला कारकून, सिग्नल, इंजिनचालक यांची जुळवाजुळव वेगळी. या अनुभवांमुळेच नियामक मंडळाने २००० मध्ये मोठी विलीनीकरणं सव्वा वर्ष रोखली आणि २००१ मध्ये नियम कडक केले: आता स्पर्धा वाढते हे दाखवावं लागतं, नुसती कमी होत नाही एवढं पुरत नाही. त्या नियमांखालची ही पहिलीच मोठी कसोटी. मंडळाने मंजुरी द्यायच्या आधी यार्डवार, तारीखवार आराखडा मागितला पाहिजे, आणि संगणक पद्धती आधी एका छोट्या भागात चालवून दाखवायला लावलं पाहिजे. पेन सेंट्रलला दहा वर्षं मिळाली होती, ती अशी वापरली गेली असती तर निदान पहिल्या वर्षातली गिऱ्हाइकं टिकली असती.

मालधक्का

नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय. ग्रँड सेंट्रल टिकलं आणि पेनसिल्व्हेनियाचं न्यूयॉर्कमधलं पेन स्टेशन पाडलं गेलं, त्याचा या विलीनीकरणाशी संबंध आहे का?

हिशेबनीस

आहे. पेन स्टेशनची वरची इमारत पेनसिल्व्हेनियाने १९६३ पासून पाडायला घेतली आणि वरची जागा वापरायला दिली. तिथलं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागृह ११ फेब्रुवारी १९६८ ला उघडलं, विलीनीकरणानंतर दहाच दिवसांनी. त्या पाडापाडीने शहर इतकं हळहळलं की न्यूयॉर्कने वारसा जतनाचा कायदा केला. पुढे पेन सेंट्रलला पैशाची निकड होती, म्हणून ग्रँड सेंट्रलच्या डोक्यावर मार्सेल ब्रॉयरच्या आराखड्याचा टॉवर बांधायचा होता. शहराने परवानगी नाकारली, कंपनी न्यायालयात गेली. जॅकलिन केनेडी ओनासिस स्टेशनच्या बाजूने उभ्या राहिल्या. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. मालमत्तेच्या कायद्यात तो निकाल आजही पायाभूत मानतात. रेल्वे गेली, पण तिच्या नावाचा खटला कायद्याच्या वर्गांत राहिला.

मालधक्का

धन्यवाद! पुढच्या उन्हाळ्यात मुलाकडे फिलाडेल्फियाला येणार आहे. यातलं काही प्रत्यक्ष बघता येईल का? गुडघ्यांमुळे फार चालवत नाही.

यार्डमास्तर

जरूर या. फिलाडेल्फियाहून पश्चिमेला स्ट्रॅसबर्ग गावात पेनसिल्व्हेनिया राज्याचं रेल्वे संग्रहालय आहे. तिथे जीजी-१ क्रमांक ४९३५ उभं आहे, हिरव्या रंगावर सोनेरी पट्टे. आधीचं रिव्हेटवालं ४८०० सुद्धा तिथेच, दोन्ही पाहिली की लोवीने काय बदललं ते लगेच कळतं. बरंचसं छताखाली आहे, बसायला जागा आहे.

हातात एक दिवस जास्त असेल तर फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गकडे जाणारी पेनसिल्व्हेनियन गाडी पकडा. अल्टूनानंतर १८५४ चं हॉर्सशू कर्व्ह येतं, डोंगराच्या कुशीत गाडी पूर्ण वळते. जाताना डाव्या खिडकीला बसा, म्हणजे आपल्याच गाडीचं इंजिन दिसतं. समोरून नॉरफोक सदर्नची लांब मालगाडी बहुधा येईलच.

न्यूयॉर्कला गेलात तर हाय लाइन. न्यूयॉर्क सेंट्रलचा १९३४ चा मालमार्ग होता, शेवटची गाडी १९८० मध्ये गेली, २००९ पासून बाग आहे. लिफ्ट आहेत, थोडं चालून बाकावर बसता येतं. पकिप्सीचा पूलही आता पायी फिरायला खुला आहे, पण तो मैलाहून लांब आहे. तुम्ही टोकापासून पाहून परत फिरा.

मुलाच्या घरापासून कुठलं स्टेशन जवळ आहे ते कळवा, गाड्यांच्या वेळा पाहून सांगतो.